वाचकांचे प्रश्न : उपसमितीचा अहवाल नेमका कोणाचा?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे शासकीय समित्यांविषयीची आहेत. त्यात नवल नाही. निवृत्त प्राध्यापक, शास्त्रज्ञ, अभियंते आणि अधिकारी पुण्यात इतके आहेत की ज्यांना आयुष्यात एकदाही ‘अशासकीय सदस्य’ म्हणून पत्र आलेले नाही, असे गृहस्थ काही सोसायट्यांत शोधावे लागतील. प्रश्न बहुतांशी उपसमित्यांचे आहेत. सरकारी नोकरीत मी अनेक वर्षे निरनिराळ्या समित्यांचा सदस्य-सचिव म्हणून काम केले, त्या अनुभवाच्या आधारे ही उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : राज्य शासनाच्या एका विभागाने नेमलेल्या सल्लागार समितीवर माझी नियुक्ती झाली आहे. पहिल्याच बैठकीत अध्यक्षांनी ‘आपण तीन उपसमित्या करू’ असे म्हणून जागच्या जागी नावे वाटून दिली. शासन निर्णयात उपसमितीचा शब्दही नाही. अशी उपसमिती वैध ठरते का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आपल्या नियुक्तीचा शासन निर्णय पुन्हा एकदा काढून शांतपणे वाचावा, अशी पहिली विनंती. बहुतेक सदस्य त्यातील आपले नाव आणि अनुक्रमांक तेवढा पाहतात आणि कागद फाइलीत लावून टाकतात. या कागदाची एक ठरलेली ठेवण असते. वर ‘वाचा’ या शब्दापुढे आधीचे निर्णय आणि पत्रे, मग प्रस्तावना, मग प्रत्यक्ष निर्णय आणि सदस्यांचा तक्ता, त्याखाली कार्यकक्षा, आणि शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ. आपल्या प्रश्नाचे उत्तर सहसा कार्यकक्षेच्या लगेच खालच्या दोन-तीन वाक्यांत दडलेले असते. समितीला आवश्यकतेनुसार उपसमित्या अथवा अभ्यासगट नेमता येतील, तज्ज्ञांना निमंत्रित करता येईल, अशा अर्थाचे वाक्य तेथे असेल तर वादच उरत नाही.

तसे वाक्य नसेल तर काम वाटून घेणे आणि अधिकार वाटून देणे यांतला फरक पाहावा लागतो. सल्लागार समितीकडे सल्ला देण्यापलीकडे मुळात अधिकार नसतो. तेव्हा पंधरा सदस्यांपैकी चौघांनी एका मुद्द्याचा अभ्यास करावा आणि आपले म्हणणे उरलेल्या अकरांसमोर मांडावे, यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही, कारण सल्ला शेवटी पंधरा जणांचाच राहतो. मात्र समितीबाहेरच्या व्यक्तीला सदस्य म्हणून घेणे, प्रवासाचा किंवा पाहणीचा खर्च करणे, जिल्हा कार्यालयांकडून उपसमितीच्या नावाने माहिती मागवणे, यांपैकी काहीही करायचे असेल तर विभागाचा स्वतंत्र आदेश घ्यावा. तो न घेता पुढे गेलेल्या उपसमित्यांची पत्रे तालुक्याच्या कार्यालयात पोचतात खरी, पण त्यांवर ‘आपण कोण?’ अशा आशयाचे अतिशय नम्र उत्तर येते.

आपल्या अध्यक्षांनी तोंडी केलेली वाटणी अवैध म्हणता येणार नाही, पण कच्ची आहे. ती पक्की करण्यासाठी त्या बैठकीच्या इतिवृत्तात चार गोष्टी आल्या पाहिजेत: उपसमितीत कोण आहेत आणि निमंत्रक कोण, तिच्यापुढचा प्रश्न नेमका कोणता, तिने कोणत्या तारखेपर्यंत काम संपवायचे आणि आपले म्हणणे कोणापुढे मांडायचे. यांतला दुसरा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. ‘प्रशिक्षणविषयक उपसमिती’ हे नाव झाले, काम झाले नाही. ‘विद्यमान प्रशिक्षण वर्ग किती दिवसांचे असावेत आणि ते जिल्ह्यात घ्यावेत की विभागीय ठिकाणी’ हे काम झाले. पहिल्या प्रकारच्या उपसमित्या वर्षभर भेटत राहतात आणि शेवटी प्रशिक्षणाचे महत्त्व विशद करतात.

मूळ समितीची मुदत संपली आणि मुदतवाढीचा आदेश निघाला नाही, तर उपसमितीही त्याच दिवशी संपते, हेही लक्षात ठेवावे. तिला स्वतंत्र आयुष्य नाही.

प्रश्न : बातम्यांत ‘मंत्रिमंडळ उपसमिती’ असा उल्लेख येतो. तीही अशीच असते का? (एक वाचिका, सहकारनगर)

उत्तर : नाही. तेथे मंत्रीच सदस्य असतात, आणि मूळ मंडळ म्हणजे मंत्रिमंडळ हे स्वतःच निर्णय घेणारे आहे. नावातले साम्य सोडले तर येथे चाललेल्या चर्चेशी तिचा संबंध नाही.

प्रश्न : मी वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका आहे. मुख्य समितीची सदस्य नसताना मला तिच्या उपसमितीवर ‘विशेष निमंत्रित’ म्हणून बोलावले आहे. मी मत देऊ शकते का? अहवालावर माझी सही असावी का? (एक वाचिका, डेक्कन जिमखाना)

उत्तर : समिती शासन निर्णयाने नेमलेली असेल आणि निर्णयात याविषयी काही म्हटलेले नसेल, तर प्रथा अशी की निमंत्रिताने बोलावे, लिहून द्यावे, पण मतदान करू नये. समिती कायद्याने आलेली असेल तर कायद्याचे शब्द पाहावे लागतात. आपल्याच विषयातले उदाहरण घेऊ. जैवविविधता अधिनियम, 2002 च्या कलम 13 नुसार राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाला कृषी जैवविविधतेसाठी आणि अन्य कामांसाठी समित्या नेमता येतात. त्या समित्यांना प्राधिकरणाबाहेरच्या व्यक्ती सहयोजित करून घेता येतात, आणि अशा व्यक्तींना बैठकीला बसण्याचा व कामकाजात भाग घेण्याचा हक्क आहे, मताचा नाही, असे तेथे स्वच्छ लिहिले आहे. ही तरतूद मला शहाणपणाची वाटते. तज्ज्ञाने काय खरे आहे ते सांगावे, आणि त्यावरून काय शिफारस करावी याची जबाबदारी ज्यांच्या नावाने आदेश निघाला त्यांनी घ्यावी.

सहीबद्दल माझा सल्ला थोडा वेगळा आहे. अहवालावर सही नको, पण अहवालात नाव हवे, आणि आपण दिलेले टिपण परिशिष्ट म्हणून जसेच्या तसे जोडले जावे असा आग्रह धरावा. कोणी काय केले ते वेगवेगळे दाखवण्याची चांगली पद्धत पाहायची असेल तर बालभारतीचे पाठ्यपुस्तक घेऊन सुरुवातीची पाने पाहावीत. विषय समिती वेगळी, अभ्यासगट वेगळा, आणि बऱ्याच पुस्तकांत निमंत्रितांची यादीही वेगळी छापलेली असते. सेनापती बापट रस्त्यावरच्या त्या इमारतीत पुस्तकाचे काम चालताना या तीन वर्तुळांत किती खडाजंगी होत असेल याची कल्पना छापील पान देत नाही, पण कोण कशाला उत्तरदायी आहे ते मात्र सांगते. जुन्या शास्त्रीय परिभाषा कोशांचीही अशीच गोष्ट आहे. भाषा संचालनालय 1960 साली स्थापन झाल्यानंतर या कोशांची कामे विषयवार उपसमित्यांकडे गेली. भौतिकशास्त्राचा पर्यायी शब्द इतिहासाच्या जाणकाराने ठरवावा असे कोणालाच वाटत नव्हते, आणि तरीही वेगवेगळ्या कोशांत एकाच इंग्रजी शब्दाला दोन पर्याय येऊ नयेत यासाठी वर एक सामाईक मंडळ लागतच होते. उपसमिती का करावी आणि तिच्या डोक्यावर मूळ समिती का असावी, या दोन्ही प्रश्नांचे इतके सरळ उत्तर मला दुसरे सापडलेले नाही.

प्रश्न : आमच्या उपसमितीने आठ महिने राबून अहवाल दिला. मुख्य समितीच्या बैठकीत तो ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या सदराखाली आला आणि दहा मिनिटांत ‘स्वीकृत’ झाला. आम्हाला आनंद व्हायला हवा होता, पण काहीतरी चुकले असे वाटते. दुसऱ्या एका समितीत याच्या उलट अनुभव आला: विभागाने उपसमितीचे टिपण थेट उचलून परिपत्रक काढले आणि मुख्य समितीला ते नंतर कळले. यांतले योग्य काय? (दोन वाचकांची पत्रे एकत्र, औंध व सदाशिव पेठ)

उत्तर : दोन्ही प्रकारांत चूक एकच आहे. उपसमितीचे म्हणणे मूळ समितीच्या विचारातून गेले नाही. पहिल्या प्रकारात ते समितीच्या टेबलावरून गेले, दुसऱ्यात टेबलाखालून गेले, एवढाच फरक.

सल्लागार समिती नेमताना शासन तिची घडण जाणीवपूर्वक ठरवते, निदान ठरवायला हवी. विद्यापीठातले दोघे, क्षेत्रात काम करणारे दोघे, एक वित्त विभागाचा, एक जिल्ह्यातला, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचा एखादा प्रतिनिधी, अशी ती मोट असते. उपसमितीत ही मोट सुटते, आणि ती सुटावी अशीच अपेक्षा असते, कारण तेथे जाणकारी हवी असते, तोल नंतर सांभाळता येतो. मात्र हा ‘नंतर’ आलाच नाही, तर सरकारला मिळालेला सल्ला पंधरा जणांच्या नावावर खपलेला चार जणांचा सल्ला ठरतो.

अमेरिकेत याविषयी 1972 पासून स्वतंत्र कायदाच आहे. संघराज्याच्या सल्लागार समित्यांना सनद लागते, ती साधारणपणे दर दोन वर्षांनी नवी करावी लागते, बैठकीची सूचना आधी प्रसिद्ध करावी लागते, आणि नेमून दिलेला सरकारी अधिकारी हजर असल्याखेरीज बैठक भरवता येत नाही. उपसमित्यांना मात्र उघड बैठकीच्या बंधनातून सूट आहे, कारण त्या मूळ समितीसाठी कच्चा माल तयार करतात असे मानले जाते. या सूटीला जोडलेली अट आपल्या कामाची आहे: उपसमिती थेट सरकारला शिफारस करणार असेल, किंवा मूळ समिती स्वतः आणखी विचार न करता तिची शिफारस जशीच्या तशी उचलणार असेल, तर ती सूट मिळत नाही आणि उपसमितीलाही सगळे नियम लागू होतात. औंधच्या वाचकांची ‘दहा मिनिटांची स्वीकृती’ तेथे नियमात पकडली गेली असती. आपल्याकडे सर्व सल्लागार समित्यांना लागू होणारा असा एक कायदा नाही, म्हणून तीच शिस्त इतिवृत्तातून लावून घ्यावी लागते.

एक अपवाद सांगितला पाहिजे, नाहीतर गोंधळ होईल. काही वेळा कायदाच लहान मंडळाला अधिकार सोपवण्याची वाट करून देतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये 2002 च्या दुरुस्ती अधिनियमाने घातलेल्या कलम 5ख नुसार राष्ट्रीय वन्यजीव मंडळाला स्थायी समिती नेमून तिच्याकडे आपले अधिकार सोपवता येतात, आणि त्याच कलमात समित्या, उपसमित्या व अभ्यासगट यांचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे अधिकार वापरणारी स्थायी समिती निराळी आणि अभ्यास करणारी उपसमिती निराळी, हे कायद्याने ओळखले आहे. प्रत्यक्षात काय झाले? पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील पूर्ण मंडळाची 2012 नंतरची बैठक मार्च 2025 मध्ये गीर येथे झाली, आणि मधल्या बारा वर्षांत अभयारण्यांतून जाणारे रस्ते, वीजवाहिन्या आणि कालवे यांचे प्रस्ताव स्थायी समितीच हातावेगळे करत होती. कायद्याच्या दृष्टीने त्यात खोट काढता येत नाही. पण मूळ मंडळ कशासाठी होते, हा प्रश्न तेथेही उरतोच.

आपण दोघांनी आता काय करावे? औंधच्या वाचकांनी पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम करण्याचा विषय येईल तेव्हा उपसमितीचा अहवाल स्वतंत्र विषय म्हणून पुन्हा घ्यावा असे लेखी सुचवावे, आणि अहवालातील शिफारशी एकेक करून वाचल्या जाव्यात असा आग्रह धरावा. त्यांतल्या दोन-तीन फेटाळल्या गेल्या तरी चालेल. फेटाळल्या गेलेल्या शिफारशी हाच समितीने विचार केल्याचा पुरावा असतो. सदाशिव पेठेच्या वाचकांनी निमंत्रकांमार्फत सदस्य-सचिवांना पत्र द्यावे की, परिपत्रकास आधार घेतलेले टिपण हे मसुद्याच्या स्वरूपात होते आणि समितीने त्यावर विचार केलेला नाही. परिपत्रक मागे घेतले जाईल असे मी म्हणत नाही. परंतु नस्तीत, म्हणजे विभागाच्या फाइलीत, ते पत्र लागले पाहिजे.

प्रश्न : उपसमितीत किती सदस्य असावेत? गणपूर्ती किती? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : पाच. फार तर सात. आदेशात गणपूर्ती, म्हणजे बैठक भरण्यास लागणारी किमान उपस्थिती, दिलेली नसेल तर पहिल्याच बैठकीत ती ठरवून इतिवृत्तात लिहावी. पाचांत तीन ठीक. एक पथ्य मात्र पाळावे: मूळ समितीतल्या निम्म्याहून अधिक सदस्यांना एकाच उपसमितीत घेऊ नये. तसे केले की मूळ समितीच्या बैठकीत तीच मंडळी आपल्याच अहवालाला स्वतःच मान डोलावतात आणि उरलेले चहा पितात.

प्रश्न : उपसमितीच्या एका शिफारशीला माझा स्पष्ट विरोध होता. इतिवृत्तात फक्त ‘सविस्तर चर्चा झाली व सर्वानुमते ठरले’ असे आले. काय करावे? (एक वाचक, बिबवेवाडी)

उत्तर : ‘सविस्तर चर्चा झाली’ हे शासकीय मराठीतले सर्वांत सोयीचे वाक्य आहे. ज्या बैठकीत कप आपटले गेले तिचेही इतिवृत्त याच वाक्याने सुरू होते, आणि ज्या बैठकीत कोणी चकार शब्द काढला नाही तिचेही.

इतिवृत्ताचा मसुदा हाती येताच आपली दुरुस्ती लेखी कळवावी. फोनवर सांगितलेली दुरुस्ती सदस्य-सचिवांच्या स्मरणात राहते, नस्तीत राहत नाही. भिन्नमत द्यायचे असेल तर ते एका पानाहून मोठे नसावे. बहुमताची शिफारस कोणती, आपला विरोध कोणत्या शब्दाला, आणि त्याऐवजी आपण काय सुचवता, एवढे तीन परिच्छेद पुरेत. ते उपसमितीच्या अहवालाला जोडले जावे आणि अहवालाबरोबरच मूळ समितीपुढे जावे. मूळ समितीने आपल्या बाजूने निर्णय घ्यावा असा हक्क आपल्याला नाही, पण दुसरी बाजू तिच्यासमोर असावी ही अपेक्षा रास्त आहे.

येथे मला स्वतःचीच एक चूक सांगितली पाहिजे. मी सदस्य-सचिव असलेल्या एका समितीच्या उपसमितीने एक काम ‘तीन वर्षांच्या आत’ पूर्ण करावे अशी शिफारस केली होती. मूळ समितीने ती चर्चा करून मान्य केली. अंतिम अहवालाचा मसुदा लिहिताना वरून सूचना आली, आणि ‘तीन वर्षांच्या आत’ या शब्दांच्या जागी ‘यथावकाश’ हा शब्द मी लिहिला. मसुदा सदस्यांकडे फिरवला होता, पण एकशेचाळीस पानांत एक शब्द कोण शोधतो? उपसमितीच्या निमंत्रकांना तो छापील प्रतीत दिसला. त्यांनी मला फोन केला, आवाज चढवला नाही, एवढेच विचारले की हा बदल कोणत्या बैठकीत ठरला. माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून मी ज्यांना ज्यांना भेटतो त्यांना सांगतो की, अंतिम मसुदा आला की आधी आपल्या उपसमितीचा अहवाल शेजारी ठेवावा आणि मुदती, रक्कम व ‘करावे’, ‘करता येईल’ अशी क्रियापदे तेवढी ताडून पाहावीत. पांडित्य कोणी बदलत नाही. बदल होतो तो येथे.

प्रश्न : उपसमितीच्या बैठकांचा प्रवास भत्ता मिळतो का? मुंबईला जाऊन येण्यात दिवस जातो. (एक वाचक, शिवाजीनगर)

उत्तर : मूळ शासन निर्णयात अशासकीय सदस्यांच्या भत्त्याची तरतूद ‘समितीच्या बैठकांसाठी’ एवढीच असेल, तर उपसमितीच्या बैठकीचे देयक लेखा शाखेतून परत येण्याची शक्यता मोठी आहे. आदेशात ‘समिती व उपसमित्या’ असे शब्द घालून घ्यावेत. तेवढ्यासाठी शुद्धिपत्रक निघू शकते. सदस्य बहुसंख्येने पुण्यातलेच असतील तर बैठक पुण्यातच ठेवावी असे सुचवायला हरकत नाही. डेक्कन क्वीनच्या डब्यात दोन सदस्यांनी ठरवलेले मुद्दे नंतर बैठकीत सर्वांचे म्हणून मांडले जातात, तो त्रासही वाचतो.

प्रश्न : मी कोणत्याच समितीवर नाही. माझ्या भागाशी संबंधित एका विषयावर उपसमिती नेमली गेल्याचे कळले. तिचे कागद सामान्य नागरिकाला पाहता येतात का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4(1)(ख) मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपण होऊन प्रसिद्ध करायच्या बाबी दिल्या आहेत. त्यांतली आठवी बाब नेमकी आपल्या प्रश्नाची आहे. सल्ल्यासाठी नेमलेली मंडळे, परिषदा, समित्या आणि दोन किंवा अधिक व्यक्तींचे अन्य गट यांचे विवरण, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत की नाहीत, आणि त्यांची इतिवृत्ते लोकांना पाहता येतात की नाहीत, हे प्रसिद्ध करायचे असते. ‘दोन किंवा अधिक व्यक्ती’ या शब्दांत उपसमितीही येते. बहुतेक कार्यालयांच्या संकेतस्थळांवर या बाबीसमोर ‘निरंक’, म्हणजे काहीच नाही, असे लिहिलेले आढळते. ते खरे आहे असे समजून परत फिरू नये.

अहवाल अजून शासनाच्या विचाराधीन आहे, एवढ्याच कारणाने तो नाकारला जात असेल तर पश्चिम घाटाच्या प्रकरणाची आठवण द्यावी. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गट 2010 साली नेमला गेला आणि ऑगस्ट 2011 मध्ये त्याचा अहवाल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे गेला. मंत्रालय तो देत नव्हते. केंद्रीय माहिती आयोगाने तो खुला करण्याचा आदेश दिला, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेथेही त्याचे म्हणणे टिकले नाही, आणि मे 2012 मध्ये अहवाल लोकांसमोर आला.

स्थानिक स्वराज्य संस्था आणि जिल्हास्तरीय कार्यालये यांतले अभिलेख दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना पाहू द्यावेत, असा शासन निर्णय नोव्हेंबर 2018 मध्ये निघाला होता. आपल्याला ज्या कार्यालयात जायचे आहे तेथे ही व्यवस्था चालू आहे का, ते आधी विचारून जावे. हेलपाटा वाचेल. लेखी अर्ज करणार असाल तर ‘उपसमितीची सर्व माहिती द्यावी’ असे लिहू नये. उपसमिती नेमल्याचा आदेश किंवा ती नेमल्याची नोंद असलेले मूळ समितीचे इतिवृत्त, उपसमितीचा अहवाल, तो अहवाल ज्या बैठकीपुढे ठेवला गेला तिची कार्यसूची व इतिवृत्त, आणि मूळ समितीने शासनाला पाठवलेली शिफारस, असे चार कागद तारखांसह मागावेत. तिसरा कागद ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर आले, तर पहिल्या अपिलात त्याच्यावरच बोट ठेवावे. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे, आणि अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावण्यास विसरू नये.